गाडी न थांबणारं बेट

गोव्यातलं थिवी स्टेशन सुटलं की आमच्या डब्यात धांदल. करमळीला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, म्हणून पिशव्या आधीच दाराशी नेऊन ठेवायच्या, चपला शोधायच्या, कुणाचा तरी चष्मा बर्थखाली गेलेला असतो तो काढायचा. आत्या माशेलला दिलेली, आणि कोकण रेल्वे झाल्यापासून तिच्याकडे जाताना हे असंच चाललंय. त्या गडबडीत खिडकीबाहेर एक नदी येते, मग दोन मिनिटं हिरवीगार शेतं, मग पुन्हा नदी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, तेव्हापासून मी दर वर्षा-दोन वर्षांनी तिथून जाते आहे. त्या दोन नद्या म्हणजे एकच मांडवी आणि मधला हिरवा तुकडा म्हणजे दिवाडी बेट, हे मला कळलं यंदा. गाडी बेटावरून धडधडत जाते. बेटावर स्टेशन मात्र नाही. करमळीला उतरायचं, रिक्षाने जुन्या गोव्यात यायचं आणि फेरीबोटीत बसून आत्ताच गाडीने मागे टाकलेल्या जागी परत जायचं.

यंदा ठरवलं, आत्याकडे एक दिवस उशिरा पोचायचं. आधी दिवाडी.

रविवार

ठाण्याहून रात्रीची गाडी. पावसाळी वेळापत्रकामुळे करमळीला पोचेस्तोवर ऊन वर आलेलं, म्हणजे यायला हवं होतं. प्रत्यक्षात आभाळ भरलेलं आणि अंगाला घामाची पातळ साय. गोव्यात ऑगस्टअखेर पावसाचा जोर ओसरतो, पण हवा ओली ती ओलीच. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. टॉवेल चार दिवसांत एकदाही वाळला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

जुन्या गोव्यात फेरीच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ १५९९च्या सुमारास ही कमान बांधली. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय इथे बोटीतून उतरून कमानीखालून शहरात शिरायचा. आता तिच्याखालून मासळीची टोपली बांधलेली स्कूटर आणि मी असे दोघे उलट दिशेने गेलो. फेरीला पायी माणसाला तिकीट नाही. लोखंडी फळी खाली पडते, आधी मोटारसायकली, मग माणसं. नदीचं पाणी गढूळ चहासारखं, त्यातून जलपर्णी आणि एक नारळ वाहत चाललेला. पाच-सात मिनिटांत पलीकडे.

उतरल्यावर सरळ डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना भात, इतकं सपाट आणि इतकं खाली की रस्ताच बांधासारखा वाटतो. तेव्हा वाटलं. तो खरोखरच भरावावरून जातो, हे नंतर कळलं.

पियेदाद गावात आदल्या दिवशी बोंदेरा झाला होता. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी वाड्यावाड्यांचे झेंडे घेऊन मिरवणूक निघते. पूर्वी वाड्यांच्या हद्दींवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले आणि लोक ते पाडायला लागले, त्याची आठवण. बांबूच्या नळीतून रानफळांच्या गोळ्या उडवतात, त्या नळीला फोटाश म्हणतात. मी पोचले तेव्हा फक्त भिजलेल्या पताका, रिकाम्या बाटल्या आणि एक तुटका फोटाश गटारात. मला गर्दी सोसत नाही, त्यामुळे बरंच झालं म्हणायचं. पण त्याच गर्दीने माझी खोलीही खाल्ली होती. ऑनलाइन पैसे भरून ठरवलेल्या जागी गेले, तर तिथला पोरगा डोळे चोळत म्हणाला, कालचे पाहुणे अजून उठले नाहीत आणि आज जातील असं वाटत नाही. पैसे परत मिळाले ते दोन आठवड्यांनी, तेही सात मेल लिहिल्यावर.

त्याच पोराने हाताने दाखवलेल्या घरी गेले. शिंपल्यांच्या खिडक्या, पुढे बलकांव, म्हणजे ओसरी, बलकांवात बसून पालेभाजी निवडणाऱ्या सत्तरीच्या आंटी. "भितर यो गो बाय," एवढंच म्हणाल्या. खोलीचं भाडं विचारलं तर "मागीर पळोवया", मग बघू. दोन लेक, एक इंग्लंडात, एक लिस्बनला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. आंटीच्या वाड्यावर मी मोजली तर अकरा घरं, त्यातल्या पाचांना कुलूप. अंगणात झाडलोट मात्र सगळ्यांच्या. कुणीतरी महिन्याने पैसे घेऊन झाडतं.

संध्याकाळी टेकडीवर चर्चला गेले. नोसा सेन्योरा द पियेदाद. बाजूच्या दफनभूमीत एक बुटकं कपेल आहे आणि त्याच्या छताला कोरीव दगड, मधोमध पाकळ्यांचं फूल. मान दुखेस्तोवर बघत राहिले. असं छत आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात असतं. हे कदंब राजांच्या काळातल्या देवळाचंच आहे. देऊळ गेलं, छत राहिलं, आणि त्याच्याखाली आता कुणाकुणाचे आई-वडील निजलेत. एक बाई मेणबत्ती लावायला आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. रोजचं असेल.

टेकडीवरून बेटाचा घाट नीट कळतो. मधे जांभ्याचा उंचवटा, त्याच्या उतारावर घरं, माड, चर्च, फणस. आणि त्या उंचवट्याभोवती झालर असावी तशी भातशेती, थेट नदीपर्यंत. पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे, मागे चोडण बेट, उजवीकडे खारफुटीचा गडद पट्टा. मला प्रश्न पडला तो बाळबोध होता: एवढं सपाट, तर भरतीला पाणी आत कसं शिरत नाही? आंटीला विचारलं. त्या हसल्या. "मानस पळयली ना तुवें?" म्हणजे तू मानस पाहिली नाहीस अजून. मला वाटलं मानसरोवरासारखं काहीतरी तळं असेल.

सोमवार, अष्टमी

सहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. सायकलच्या मागे निळ्या कापडाखाली गरम पोई, आंटीनं तीन घेतल्या, दोन मला. कोंड्याची, फुगलेली, आत पोकळ. चहात बुडवून खाल्ली आणि आंटीच्या नातेवाइकाची स्कूटर घेऊन बेटाच्या उत्तर टोकाला, नार्व्याला गेले.

इथे सप्तकोटीश्वर होता. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. आपल्या नाण्यांवर आणि ताम्रपटांवर ते स्वतःला सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले म्हणवून घेत. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी देऊळ मोडलं, विजयनगरचा मंत्री माधव याने ते पुन्हा उभं केलं, १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. आता उरलंय ते कोटितीर्थ, पायऱ्यांचं तळं. जांभ्याच्या भिंती, त्यात ओळीने कोनाडे, कोनाड्यांत पणत्यांऐवजी नेचे उगवलेले. पायऱ्यांवर शेवाळ. मी तिसऱ्या पायरीवरून सरळ पाचवीवर बसले. हाताचं कोपर सोलवटलं आणि मोबाइल तळ्यात जाता जाता राहिला. तिथे एक गुराखी मुलगा होता, तो हसला नाही. म्हणाला, इथं सगळेच पडतात.

(गोव्यात कुणालाही कदंब कुठे म्हणून विचारा, तो तुम्हाला बसस्टँडचा रस्ता दाखवेल. राज्याच्या एसटीचं नाव कदंब. साडेतीनशे वर्षं राज्य केलेल्या घराण्याचं हे असं झालं खरं, पण निदान गाड्या वेळेवर येतात.)

नार्व्याहून फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यात उतरलं की तिथल्या गावाचं नावही नार्वे. देव नदी ओलांडून गेला तेव्हा गावाचं नावही सोबत घेऊन गेला. मूर्ती, लिंगं, पालख्या रात्री होड्यांतून पलीकडे न्यायच्या, ही त्या काळात तिसवाडीच्या, म्हणजे या बेटांच्या भागातल्या, लोकांची रीतच झाली होती. दिवाडीचा गणपती खांडोळ्याला गेला, चोडणची देवकी माशेलला. सप्तकोटीश्वराचं लिंग इथे हिंदळ्यात आलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचं काम सुरू केलं. दारावरचा शिलालेख वाचता येतो: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. मीही सोमवारीच उभी होते, याचा उगाच आनंद झाला. देऊळ लहान आहे. उतरती छपरं, घुमट, समोर दीपस्तंभ, मागे डोंगर. २०२३ मध्ये जीर्णोद्धार झाला तेव्हा फार चकाचक करतील अशी धास्ती होती. तसं झालेलं नाही. लिंग धारालिंग आहे, म्हणजे गोल नव्हे तर पैलू पाडलेलं, आणि समईच्या उजेडात एकेक पैलू वेगळा चमकतो.

गोकुळाष्टमी असल्यामुळे पंचगंगेवर स्नानाला आलेल्यांची गर्दी होती. ओल्या धोतरातले आजोबा, नारळाची शकलं, चण्याफुटाण्यांचे ढीग. आतेभाऊ मला घ्यायला तिथेच आला. अमोण्याच्या पुलावरून खांडोळा, तिथून माशेल.

आत्या दारातच. "कोपर कशानं फोडलंस?" हा पहिला प्रश्न. दुसरा: "उपास आहे ना?" नव्हता. तिने तो लगेच सुरू करवला.

रात्री देवकीकृष्णाच्या देवळात. काळ्या पाषाणाची देवकी उभी आणि कडेवर कृष्ण. आई आणि मूल एकत्र पुजलेलं देऊळ दुसरं सहसा आढळत नाही. यशोदेची इतकी गाणी, देवकीच्या वाट्याला तुरुंग. इथे मात्र पोर तिच्या कडेवर. बारा वाजता जन्म झाला, पाळणा हलला, भजन मराठीत. बाहेर पडताना लोक बोलत होते कोंकणीत. घरात कोंकणी, देवळात, नाटकात आणि सकाळच्या पेपरात मराठी, असं आत्याच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. १९८७ चा राजभाषा कायदा आला तेव्हा या एकाच घरात दोन पक्ष होते आणि आतोबा महिनाभर आपल्या भावाशी बोलत नव्हते, असं आत्या सांगते. कुठल्या भाषेत बोलत नव्हते, असं मी विचारलं. तिने दहीपोह्यांची वाटी पुढे सरकवली.

"हा देव चोडणचा," ती म्हणाली. "आधी मयेला नेला, मग इथं."

"तू गेलीस कधी चोडणला?"

आत्या विचारात पडली. बेचाळीस वर्षं झाली तिच्या लग्नाला. चोडण हाकेच्या अंतरावर नसेल, पण दूर म्हणावं असंही नाही.

"नाही गं," ती म्हणाली. "काय कारण पडणार?"

मंगळवार

कारण काढलं. मी, आत्या, आतेभाऊ, गाडीने रायबंदर. तिथून फेरीने चोडण. आत्याने जरीची साडी नेसलेली, हातात हळदकुंकवाची पुडी, खण आणि नारळ. ओटी कुठे भरणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेलं, पावणेदोन चौरस किलोमीटर खारफुटी. मी मोठ्या हौसेने दुर्बीण आणली होती. पाहुणे पक्षी यायला अजून दोन-अडीच महिने होते, हे मला ठाण्यातच समजायला हवं होतं. एक बगळा, दोन खंड्या, आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, त्या मात्र असंख्य. मासा असून झाडाच्या मुळावर चढून बसतो आणि आपल्याकडे डोळे वटारून बघतो. मुळंही अशी की चिखलातून हजारो बोटं वर आलेली; चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी ती वर काढतं. आत्या म्हणाली, "पंढरपूरच्या वाळवंटात लोक हात वर करून उभे असतात ना, तसं."

गावात फिरलो. चोडणला पोर्तुगीज काळात उमरावांचं बेट म्हणत. मोठी घरं अजून आहेत, काहींची छपरं खचलेली. जुन्या गोव्यातून साथी आल्या, त्यांनी शेजारची बेटंही धुऊन नेली. राजधानी पणजीला हलली त्यामागेही तेच कारण. एका वळणावर मोठा वड दिसला, खाली तुळशीवृंदावन, त्याच्या कोनाड्यात कुणीतरी सकाळीच लावलेली उदबत्ती. आत्याने गाडी थांबवायला सांगितली. खण, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. हीच ती जागा का, असं तिने कुणालाच विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. परत गाडीत बसताना म्हणाली, "चप्पल चिखलाची झाली बघ."

दुपारून जुवें. पोर्तुगीजांचं सांत इश्तेव्हांव. हे आता पुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे बेट असल्याचं गाडीतून कळतही नाही. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आणि ख्रिस्ताचा मोठा पुतळा. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या माणसांनी रात्री ओहोटी साधून हा किल्ला घेतला. इथून जुनं गोवं दोन मैलांवर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर स्वतः फौज घेऊन किल्ला परत घ्यायला आला आणि असा मार खाऊन पळाला की नदीत जीव जायची वेळ आली. शहरात परतल्यावर तो बॉम जेझू चर्चला गेला, सेंट झेवियरच्या शवपेटीजवळ आपला अधिकारदंड ठेवला आणि आता राज्य तुम्हीच राखा म्हणाला. राज्य राखलं ते मोगलांनी, त्यांच्या नकळत: शाहआलमची फौज कोकणात उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं. खंडो बल्लाळाने राजांना पाण्यातून वाचवल्याची गोष्ट शाळेत ऐकली होती; ते पाणी हे इथलंच. वर उभं राहून खाली पाहिलं तर खाडी इतकी शांत की बदकाची रेघसुद्धा लांबवर दिसत होती.

जुव्याची खरी कीर्ती मात्र भेंडीची. सात शिरांची, लांब, फिकट हिरवी, कोवळी असतानाच हातभर झालेली. आतेभावाने रस्त्यावर बसलेल्या बाईकडून शेकड्यावर मोजून घेतली. इथे भेंडी वजनावर घेणाऱ्याकडे कुत्सित बघतात. रात्री आत्याने ती तेफळं घालून केली.

बुधवार

पिशवी आंटीकडे होती, ती आणायला परत दिवाडी. आतेभावाने फेरीपर्यंत सोडलं. आंटी म्हणाल्या, आज दशमी, पाणी दुपारी उतरेल, दहा-साडेदहाला मानशीवर जा.

भरतीओहोटीचं गणित मला आमच्या आजोबांनी शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमीची साडेसात. म्हणजे साडेसातला भरती, पुढे सहा तास ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, असल्याने पाण्याला फार चढउतार नाही, पण मांडवीत तेवढा पुरतो. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तीस वर्षांत न लागलेलं हे गणित इथे पोस्टमनलाही येतं.

मानस म्हणजे बांधातलं दार.

सगळी शेती ज्या सपाटीवर आहे ती भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. ती मुळात नदीचीच जागा: चिखल आणि खारफुटी. कधीतरी, पोर्तुगीज यायच्या शेकडो वर्षं आधी, माणसांनी तिच्याभोवती चिखलाचे बांध घातले आणि पाणी बाहेर ठेवलं. या शेतीला खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. बांध चिकणमातीचा, आत पेंढा आणि फाटे, नदीच्या बाजूला जांभ्याचे चिरे, आणि त्याच्याही पुढे लाटा अडवायला राखलेली खारफुटी. पावसाचं पाणी बाहेर जायला हवं आणि नदीचं खारं पाणी आत यायला नको, म्हणून बांधात ठरावीक ठिकाणी चिऱ्यांची चौकट आणि तीत लाकडी दारं.

मी गेले तेव्हा दारं मिटलेली होती. बाहेरची नदी आतल्या पाण्यापेक्षा वीतभर उंच, दारांवर दाबून उभी. फटींतून कारंजासारखे बारीक झोत आत येत होते. बांधावर एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकवून बसले होते; मानशीवर जाळं लावायचा हक्क यंदा त्यांच्या मुलाने पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेला. मी त्यांच्या शेजारी बसले. तासभर काही घडलं नाही. ते एकदाच बोलले, कोंकणीत, बांधाकडे बोट दाखवून: "खारें उदक भितर आयलें जाल्यार तीन वर्सां शेत ना." एकदा खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागतात. इथे पूर्वी कोरगूट नावाचं भात पेरायचे, ते थोडंफार मीठ सोसतं. आता कमीच पेरतात.

मी विचारलं, दार उघडणार कोण?

"उदकच," ते म्हणाले.

आणि साडेदहाच्या सुमारास उघडलं. आधी फटींतले झोत थांबले. मग दोन्हीकडचं पाणी एका रेघेत आलं आणि दारांना काय करावं कळेना, तशी ती किंचित डुलली. मग आतल्या पाण्याने हळूच ढकललं. चर्र असा लाकडाचा आवाज, एक दार बोटभर उघडलं, मग हातभर, आणि एकदम सगळा प्रवाह नदीकडे सुटला. गवताच्या काड्या, भाताची तुसं, एक प्लास्टिकची बाटली, चंदेरी झाक मारणारं काहीतरी. मुलगा खाली उतरून जाळ्याचं तोंड बांधून आला. रात्रीच्या ओहोटीला दिवा लावून बसलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, जास्त मिळतात, दिवसा थोडी. भरती आली की हेच पाणी उलट फिरून दारं परत लावून टाकणार. खिळे आणि लाकूड सोडलं तर यंत्र म्हणावं असं तिथे काहीच नाही.

म्हातारबुवांनी मग तक्रारीही सांगितल्या, त्या मी विचारल्या म्हणून. पूर्वी बांध राखायचं काम गावकारीचं, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या मंडळाचं. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये याच रिवाजांची सनद लिहून काढली. तीतही गावकार म्हणजे ओसाड जमीन कसायला पहिल्यांदा आलेली माणसं, असंच सांगितलंय. जो शेत खातो त्याने बांधावर चिखल टाकायचा. १९६४ च्या कुळकायद्यानंतर शेत कुळांचं झालं, ते व्हायलाच हवं होतं, पण बांध नेमका कुणाचा हे धूसर राहिलं. कुळांचे संघ आहेत, सरकारी खातं आहे, अर्ज आहेत. दरम्यान लोह खनिजाच्या बार्जी नदीतून जात तेव्हा त्यांच्या लाटा बांधाची माती ओढून नेत. आणि ज्यांनी चिखल टाकायचा त्यांची घरं, आंटीच्या वाड्यावरच्या त्या पाच घरांसारखी, कुलूपबंद. बांधाचा एक तुकडा सिमेंटचा होता. त्यांनी काठीने तो वाजवून दाखवला. "हाका उंदीर पोखरना," म्हणाले, "पूण हो फुटलो जाल्यार आमकां सांदपाक येना." मातीचा फुटला तर रात्रीत चार माणसं सांधतात.

पुलाबद्दलही विचारलं. बेटावर पूल हवा की नको, यावर दिवाडीत प्रत्येक घरात दोन मतं आहेत. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर फेरीची वाट बघावी लागते, हे एक. पूल झाला की शेतांचे प्लॉट होतील, हे दुसरं. म्हाताऱ्यांचं मत पुलाच्या बाजूचं होतं. त्यांच्या बायकोला दोन वर्षांपूर्वी फेरीसाठी पाऊण तास थांबावं लागलं होतं. मी शहरातून येऊन पूल नको म्हणणार होते, ते तोंडातच ठेवलं.

जाळ्यात मूठभर सुंगटं, दोन शेवटे मासे आणि एक रागावलेली कुर्ली आली. कुर्लीने मुलाचं बोट पकडलं आणि त्याने तिला दिलेली शिवी शुद्ध मराठीत होती.

आंटीनं खोलीचे पैसे घेतले, पण पोईचे नाही. "चवथीक यो," म्हणाल्या. त्यांच्या शेजारच्या हिंदू घरी माटोळी बांधायची तयारी सुरू झाली होती. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची चौकट टांगतात, तिच्यासाठी लागणारी काही फळं खाजनाच्या बांधावरची असतात आणि ती आणून देतो आंटीचा पुतण्या, दर वर्षी.

संध्याकाळची गाडी. करमळी सुटल्यावर मी पिशव्यांची काळजी न करता खिडकीला नाक लावून बसले. मांडवीचा पूल आला, पाऊस सुरू झाला, काच धुरकटली. बाहीने पुसली. शेतं आली, बांध आला, आणि समोरच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "चर्च बघायचंय का? ते या बाजूनं दिसतं." मी उलट्या खिडकीत बसले होते. उठून पलीकडे जाईस्तोवर दुसरी नदी लागली.